क्नॉपच्या बेकरीतली दोन अक्षरं

नाताळच्या आधीचे चार आठवडे एलर्सरोड्यात क्नॉपच्या बेकरीत दोन आकारांची मधाची बिस्किटं मिळत. एक मासा आणि एक बूड. मासा साधाच, लहान पोराने हात न उचलता एका रेघेत काढावा तसा, मागे शेपटीचा फाटा. बूड म्हणजे बूडच. त्याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. पाद्रीबाईसुद्धा "दोन मासे द्या आणि चार ती दुसरी" असं म्हणून घेऊन जायच्या. बिस्किटं जाडजूड, तपकिरी, दालचिनी-लवंगेच्या वासाची. ताजी असताना मऊ, आठवडा उलटला की दगड. हे दोन आकार कधीपासून आणि कशासाठी, हे विचारण्याच्या फंदात कोणी पडलं नव्हतं. साचा होता म्हणून बिस्किटं होत होती.

ट्राउगॉट हेलरीगल सर पहिल्याच सोमवारी यायचे, टोपी काढून हातात धरायचे आणि एक मासा मागायचे. एकच, आणि तोही मासाच.

"आणि एक बूड, सर?" गेर्लिंड क्नॉप विचारायची. तिच्या आधी तिचा बाप विचारायचा.

"अजून नाही."

"अजून म्हणजे कधी? मी तुमच्या वर्गात होते तेव्हापासून हेच ऐकतेय. आता माझी मुलगी तुमच्या वर्गात बसते."

"वेळ आली की मीच मागेन."

गावाने याचा अर्थ आपापल्या परीने लावला होता. कोणी म्हणे चिक्कू आहेत, कोणी म्हणे बिनलग्नाच्या माणसाला असे चाळे लागतात. एकूण हेलरीगल सरांबद्दल गाव फारसा विचार करत नसे. ते रशियनचे मास्तर होते आणि रशियन शिकणं सक्तीचं होतं, तेव्हा त्यांच्या वाट्याला प्रेम यायचं काही कारण नव्हतं. रस्त्यात कोणीही भेटलं तरी ते "दोब्री देन", म्हणजे रशियनमध्ये नमस्कार, म्हणत, म्हणून पोरं त्यांना दोब्री म्हणायची. आपण सगळेच म्हणायचो. मागून, अर्थात.

ते मुळात रशियनचे मास्तर नव्हतेच, हे मात्र कोणाच्या गावीही नव्हतं.

आपली शाळा, सेवेरीनुम, साडेचारशे वर्षांची. आधी तिथे मठ होता. धर्मसुधारणेच्या धामधुमीत मठवासी गेले आणि सरदाराने त्यांच्या कोठड्यांत पोरं आणून बसवली. शिकायचं काय, तर लॅटिन, जुनी ग्रीक आणि मार खाणं. पुढे फ्रेंच घोडदळाने वर्गात घोडे बांधले, एकदा छप्पर जळालं, एकदा पटकीने अर्धी शाळा घरी पाठवली, पण ग्रीकचा तास कधी चुकला नाही अशी शाळेची बढाई होती. घोडे होते त्या वर्षी मास्तरांनी म्हणे चर्चच्या मनोऱ्यात वर्ग भरवला आणि पोरांनी घंटेच्या दोरीला धरून क्रियापदं घोकली. खरं-खोटं मनोऱ्याला ठाऊक.

त्या शाळेचा एक रिवाज होता. ग्रीकच्या पहिल्या तासाला मास्तर प्रत्येक मुलाच्या हातावर दोन बिस्किटं ठेवायचे. एक अल्फा, ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं अक्षर, आणि एक ओमेगा, शेवटचं. अल्फा तिथल्या तिथे सगळ्यांनी मिळून खायचा. ओमेगा घरी न्यायचा, डब्यात जपून ठेवायचा आणि काही वर्षांनी शाळेची शेवटची परीक्षा पार पडली की मास्तरांसमोर खायचा. तोवर तो विटेसारखा झालेला असे आणि त्यात कित्येकांचे दात हलले. साचा नासपतीच्या लाकडाचा, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या क्नॉपच्या बेकरीत. अल्फा म्हणजे मासा. ओमेगा म्हणजे ते दुसरं.

हेलरीगल सरांना त्यांची दोन अक्षरं मिळाली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि लढाई सुरू झालेली होती. लोबेडान्त्स नावाच्या मास्तरांनी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. अल्फा त्यांनी खाल्ला. ओमेगा आईच्या बटणांच्या डब्यात गेला. परीक्षेच्या आधीच वर्गातल्या मुलांना गणवेश चढवून आघाडीवर पाठवलं. बहुतेक परत आले नाहीत. ट्राउगॉट रशियनांच्या हाती सापडला, चार वर्षं त्यांच्या जंगलात झाडं तोडत राहिला आणि करवतीच्या दुसऱ्या टोकाला जो असेल त्याच्याकडून रशियन शिकला.

परत आला तेव्हा आईने कोट काढून घ्यायच्या आधी सांगितलं, "ट्राउगॉट, सेहेचाळीसच्या हिवाळ्यात घरात काही नव्हतं. मी तुझं ते अक्षर पाण्यात भिजवून खाल्लं."

"चव कशी होती?"

"लवंगेची," ती म्हणाली.

परत आलेल्या सैनिकांची एक झटपट परीक्षा घेऊन त्यांना पास करून टाकत होते. त्या परीक्षेत ग्रीक नव्हती. हेलरीगल सरांनी तिला परीक्षा मानलंच नाही. ते येनाच्या विद्यापीठात गेले, ग्रीक शिकले, अर्धपोटी पण मन लावून शिकले, आणि आपल्याच शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले. लोबेडान्त्स मास्तर म्हातारे झाले होते. पुढच्या वर्षीचा ग्रीकचा नवा वर्ग तुम्ही घ्यायचा, असं त्यांनी सांगून ठेवलं. क्नॉपकडे बिस्किटांची वर्दी कशी द्यायची तेही समजावलं.

तो वर्ग भरलाच नाही. गाव रशियनांच्या अमलाखालच्या पूर्व जर्मनीत आलं होतं, आणि वरून हुकूम आला की ग्रीकचे नवे वर्ग बंद, रशियन सगळ्यांना. शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तरांनी विचारलं, रशियन कोणाला येतं? सगळ्यांनी खाली बघितलं. हेलरीगल सरांनी हात वर केला. नाहीतर त्यांना दुसऱ्या गावी धाडलं असतं, आणि त्यांना त्या इमारतीतून हलायचं नव्हतं. लोबेडान्त्स मास्तर त्याच हिवाळ्यात गेले.

तेव्हा त्यांचं लग्न ठरलेलं होतं. आनेलोर तिचं नाव, पोस्टात कामाला होती. तिचा भाऊ पश्चिमेकडे हानोव्हरला होता आणि तेव्हा बर्लिनमधून अजून निसटता येत होतं. स्टेशनातल्या बाकावर ती त्यांना म्हणाली, "तिकडे सगळ्या शाळांत ग्रीक आहे. चल. माझ्यासाठी नको, तुझ्या ग्रीकसाठी तरी चल."

"तिकडे शिकवणारे पुष्कळ आहेत. इथे कोणी नाही. परत सुरू झाली तर दार उघडायला कोणी नको का?"

"आणि नाही झाली तर?"

"चारशे वर्षं चाललंय, आनेलोर. दोन-चार वर्षं बंद पडलं म्हणून काय झालं."

"मग तू दाराशीच बस," ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही, हे त्यांना जास्त लागलं. ती गेली आणि पुढे तिकडे तिने एका छापखानेवाल्याशी लग्न केलं. नाताळला तिचं कार्ड यायचं, मग तेही थांबलं.

दोन-चार वर्षांची अडतीस वर्षं झाली. हेलरीगल सर आपल्या शाळेत आणि मनुष्यबळ कमी पडलं की शेजारच्या खालच्या इयत्तांच्या शाळेतही रशियन शिकवत राहिले. फाटकावरचं सेवेरीनुम हे नाव उतरलं, कोणा पुढाऱ्याचं चढलं. ग्रीक पुस्तकं रद्दीत जाणार असं कानावर आलं तेव्हा सरांनी एक विचित्र गोष्ट केली. शाळेतल्या नागरी संरक्षणाचं काम, जे कोणालाही नको असायचं, ते त्यांनी मागून घेतलं. कारण त्या कामासोबत तळघराची किल्ली मिळायची. वायूपासून बचावाच्या मुखवट्यांच्या पेट्या तळघरात होत्या. वरच्या थरात मुखवटे आणि खाली सगळी ग्रीक. इतर शिक्षकांना वाटलं, हा माणूस सरकारचा फार लाडका दिसतो, याच्यासमोर जपून बोलावं. मग ते जपून बोलू लागले, आणि काही वर्षांत बोलेनासेच झाले. सरांना खुलासा करता येण्यासारखा नव्हता. ते डबा घेऊन खिडकीपाशी एकटे बसायचे.

संध्याकाळी घरी ते मोठ्याने ग्रीक वाचायचे, कानाची सवय मोडू नये म्हणून. भिंतीपलीकडच्या बाईंनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "कुठलं स्टेशन लावता हो तुम्ही? परदेशी दिसतंय. हळू लावत जा, आमच्या घरात पोरं आहेत." त्यानंतर ते हळू वाचू लागले.

आणि दर वर्षी शाळा उघडायची त्या सकाळी, दाढी झाली की ते आरशात बघून म्हणायचे, "खैरेते, ओ पाइदेस." जुन्या ग्रीकमध्ये, नमस्कार मुलांनो. लोबेडान्त्स मास्तर असंच म्हणत आत आले होते. एवढं म्हणून ते तोंड पुसायचे, शाळेत जायचे, वर्गात शिरायचे आणि म्हणायचे, "ज्द्रास्त्वुइते, रेब्याता." तेही नमस्कार मुलांनोच, पण रशियनमध्ये. वर्ग उभा राहून एका सुरात तेच त्यांना परत म्हणायचा.

क्नॉपच्या साच्याबद्दल त्यांनी कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. ग्रीकचे वर्ग बंद झाल्यावर जुने क्नॉप गेले, साचा धाकट्याकडे आला, त्याला वाटलं हा मासा. सरांनी पहिल्यांदा काचेमागे मासे बघितले तेव्हा ते तिथे बराच वेळ उभे राहिले असतील. पण अक्षर आहे म्हटलं असतं तर कोणीतरी साचा जाळायला लावला असता. मासा कोण जाळतो? आधीच्या वर्गांतले जे वाचले ते पश्चिमेकडे निघून गेले होते, तेव्हा अख्खं गाव दर नाताळला ग्रीक अक्षरं चघळत होतं आणि ते एकट्या हेलरीगल सरांना ठाऊक होतं. एकट्याला ठाऊक असण्यात काही मजा नसते.

मग बर्लिनची भिंत पडली. ते सगळ्यांना माहीत आहे. फाटकावरच्या पुढाऱ्याला शिडी लावून उतरवलं, सेवेरीनुम परत चढलं, आणि पश्चिमेतून डॉक्टर श्ट्राटमान नावाचे नवे हेडमास्तर आले. ते उंच, घाईत असलेले आणि मनाने वाईट नसलेले गृहस्थ होते. हेलरीगल सर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"ग्रीक?" हेडमास्तर म्हणाले. "मला आनंदच होईल हो. पण मुलं कुठायत? सगळ्यांना इंग्रजी पाहिजे आणि कॉम्प्युटर पाहिजे. मला नवव्या इयत्तेतली दहा मुलं आणून दाखवा, मी वर्ग उघडतो."

"दहा," हेलरीगल सर म्हणाले.

"दहा. नवांवर नाही होणार."

सर चौसष्ट वर्षांचे होते. निवृत्तीआधी एकच वर्ष हाताशी होतं. त्या वर्गाचा ओमेगा त्यांना दिसणार नव्हता हे त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त अल्फा पाहिजे होता. एकदा, एका वर्गाच्या हातावर.

ते घरोघर फिरले. ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्या घरची घंटा वाजवली नव्हती तो वाजवू लागला. आणि आपलं गाव काही कमी नाही.

"म्हणजे आधी रशियन माथी मारलं, आता ग्रीक," एका बापाने दारातच सुनावलं. "पुढल्या वर्षी काय, चिनी का?"

"हे वेगळं आहे."

"मास्तर तर तोच दिसतोय."

दंतवैद्यांनी मुलगा दिला, कारण डॉक्टरी शिकताना उपयोग होतो असं त्यांच्या वाचनात आलं होतं. पाद्रीबुवांनी जुळी दिली. एका बाईंनी मुलगी दिली ती क्रेटच्या बसच्या सहलीचं बुकिंग झालं होतं म्हणून. "तिकडे हॉटेलात बोलायला होईल ना?" त्या म्हणाल्या. जी ग्रीक सर शिकवणार ती बोलणारा माणूस दोन हजार वर्षांत कुठल्या हॉटेलात उतरला नव्हता. पण सर म्हणाले, "मुळाक्षरं तीच आहेत." पोटासाठी खोटं बोलतात, सर ग्रीकसाठी अर्धं खरं बोलले.

नऊ झाली आणि दहावं काही मिळेना. मे महिन्यात, मासे-बिसे काही नसतानाच्या दिवसांत, ते क्नॉपच्या बेकरीत जाऊन टोपी हातात धरून उभे राहिले.

"मॅन्डी ग्रीक घेईल का, गेर्लिंड?"

गेर्लिंडने पाव कापायचा थांबवला. "सर, तुम्ही मला रशियनमध्ये चार दिलेत." आपल्याकडे एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे नापास, आणि चार म्हणजे ढकलत-ढकलत पास. "बाबांनी आठवडाभर मला पहाटे भट्टीवर उभं केलं होतं त्यापायी. आणि आता माझी पोरगी मागता?"

"चार बरोबर होते. तुला क्रियापदं येत नव्हती."

"अजून येत नाहीत. चाललंय की माझं." ती हसली. "कशाला एवढी धडपड करताय पण? घरी बसायचे दिवस आले तुमचे."

मग हेलरीगल सरांनी मागच्या भिंतीवरच्या साच्याकडे बोट दाखवलं आणि तिला सगळं सांगितलं. मासा मासा नाही, आणि ते दुसरंही ते नाही. पहिला तास, डबा, परीक्षा, आई, पाण्यात भिजवलेलं अक्षर. आरशातला नमस्कारसुद्धा सांगितला. इतकं सलग ते जर्मनमध्ये कित्येक वर्षांत बोलले नसावेत. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. ती आली की ते गप्प व्हायचे आणि गेली की तुटलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचे.

गेर्लिंडने साचा खाली काढून हातात धरला. आडवा केला, उभा केला. "आजोबांच्या काळचं शाळेचं हे अक्षर आणि आम्ही इतकी वर्षं त्याला काय-काय म्हणालो," ती म्हणाली. "तुम्ही ऐकून घेतलंत?"

"नाव काही का असेना, साचा राहिला."

"ऑगस्टमध्ये भट्टीजवळ उभं राहवत नाही, पण करते मी," ती म्हणाली. "मॅन्डीला मी सांगते. कुरकुर करेल. करू दे."

दहा झाली. हेडमास्तरांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरून अभिनंदन केलं, आणि जूनमध्ये त्यांना खोलीत बोलावून बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच सरांना कळायला हवं होतं.

"वर्ग मंजूर झाला," श्ट्राटमान म्हणाले. "तुमच्यामुळे झाला, हे मी वरही कळवलंय. ग्योटिंगेनहून डॉक्टर ब्रॉकहॉफ म्हणून बाई येताहेत, तरुण आहेत, फार हुशार."

"कशासाठी?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "हेलरीगल सर, रशियनच्या जागा सगळ्या राज्यात काढून टाकल्या. तुमच्या वयाच्या सगळ्या रशियन शिक्षकांना ऑगस्टपासून मुदतीआधी निवृत्त करताहेत. मी भांडलो. खरंच भांडलो."

"मी ग्रीकचा शिक्षक आहे."

"तुमची येनाची पदवी मी दाखवली त्यांना. ते म्हणाले, या गृहस्थांनी ग्रीक किती वर्षं शिकवली आहे?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. अडतीस वर्षं ते दाराशी बसले होते, आणि दार उघडल्यावर आतल्या माणसाने त्यांना विचारलं की तुम्ही कोण. ते उठले, खुर्ची जागेवर नीट ठेवली आणि घरी गेले. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे काहीच ऐकू आलं नाही. पलीकडच्या बाईंच्या ते लक्षातही आलं, पण विचारपूस करायला त्या काही गेल्या नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी सरांच्या घराची घंटा वाजली. दारात तिशीची एक बाई, सायकलची पिशवी खांद्याला. "मी आन्त्ये ब्रॉकहॉफ. बेकरीवाल्या बाईंनी मला दोन अक्षरांबद्दल सांगितलं. खरं म्हणजे दम दिला. म्हणाल्या, बिस्किटं हेलरीगल सर वाटणार असतील तरच भाजते." तिला संकोच वाटत होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "सर, पहिला तास तुम्ही सुरू करा. आत या, मुलांना नमस्कार करा, अक्षरं द्या. मग मी पुढे नेते. याल का?"

ती जागा तिने घेतली नव्हती, तिला दिली होती, एवढं सरांना समजत होतं. ते तिच्यावर रागवायला बघत होते आणि राग येत नव्हता. "येतो," ते म्हणाले.

त्या सकाळी त्यांनी दाढी केली, आरशात बघितलं आणि म्हटलं, "खैरेते, ओ पाइदेस." दोनदा म्हटलं. चांगला कोट घातला. बेकरीतून ताट उचललं, वर फडकं टाकलेलं. गेर्लिंड म्हणाली, "दोन जास्तीची केलीत, मोडतोड झाली तर." ती इथेच ठेव, असं ते म्हणाले.

वर्ग जुन्या कोठडीतच होता, जाड भिंतीतली ती उंच खिडकी तशीच. दहा मुलं बसली होती. सगळी ओळखीची, खालच्या शाळेत गेल्या वर्षापर्यंत त्यांच्याच हाताखालची. मॅन्डी शेवटच्या बाकावर. ब्रॉकहॉफबाई भिंतीला टेकून बाजूला उभ्या राहिल्या. सर फळ्यासमोर गेले, ताट टेबलावर ठेवलं, मुलांकडे बघितलं, छाती भरून श्वास घेतला.

"ज्द्रास्त्वुइते, रेब्याता," ते म्हणाले.

आणि दहाच्या दहा मुलं, पाठीत कळ दाबल्यासारखी, उभी राहिली आणि एका सुरात तेच परत म्हणाली.

मग कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. वाईट हसू नव्हतं ते. त्यांचंही तोंड त्यांच्या नकळत बोलून गेलं होतं, म्हणून ती हसत होती. ब्रॉकहॉफबाई हसल्या नाहीत. सरांनी तोंड उघडलं, दुसरे शब्द तिथे जिभेच्या मागे होते, सकाळचे, ताजे. पण आता ते म्हटले असते तर चूक दुरुस्त केल्यासारखे झाले असते, आणि ते त्यासाठी ठेवलेले नव्हते. त्यांना लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त, फार एकटं वाटलं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते त्यांच्या तोंडात नव्हतंच. तोंड केव्हाच दुसऱ्याचं होऊन बसलं होतं.

त्यांनी फडकं काढलं. बाकाबाकाशी जाऊन प्रत्येक हातावर दोन अक्षरं ठेवली. "हे आता खायचं. हे जपायचं, शेवटच्या परीक्षेपर्यंत," एवढंच प्रत्येकाला सांगितलं. मॅन्डी हळूच म्हणाली, "मला माहितीय, सर. आईने डबा काढून ठेवलाय." मुलं अल्फा खाऊ लागली तेव्हा सरांनी ब्रॉकहॉफबाईंना मान लववली, रिकामं ताट उचललं आणि दार हळू लावून घेतलं. मागून बाईंचा आवाज आला, पहिलं अक्षर, आणि मग सगळ्यांचा.

बेकरीत त्या वेळी कोणी नव्हतं. गेर्लिंड काउंटर पुसत होती.

"खाल्ले का कार्ट्यांनी मासे?"

"खाल्ले. अल्फा म्हण आता."

"आणि तुम्ही ते म्हणालात? आरशातलं?"

सरांनी ताट काउंटरवर ठेवलं, टोपी काढली, हातात धरली. "गेर्लिंड, एक बूड दे," ते म्हणाले.

ती थट्टा करणार होती, तिच्या तोंडावर आलीही होती. मग तिने त्यांच्याकडे बघितलं आणि जास्तीचं काढून ठेवलेलं ते एक कागदाशिवाय, तसंच त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे मास्तरांसमोर खायचं असतं ना?"

"मास्तर आता राहिले नाहीत."

गेर्लिंडने हात एप्रनला पुसले, काउंटरची फळी उचलून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "मी आहे," ती म्हणाली. "कसली परीक्षा होती, सर?"

"तोंडी."

"किती मिळाले?"

त्यांनी खरोखर विचार केला. आयुष्यभर त्यांनी कोणाला फुकट गुण दिले नव्हते.

"चार," ते म्हणाले.

"म्हणजे पास," गेर्लिंड म्हणाली. "मला ठाऊक आहे."

हेलरीगल सरांनी ओमेगाचा तुकडा तोडून तोंडात घातला. त्यांना वाटलं होतं दात लागणार नाही. पण बिस्किट कालचंच होतं, सहज तुटलं. चव लवंगेची होती.